ओझे, चढ आणि उष्णता : मुंबई ते भोर घाट येथील वाहतुकीच्या इतिहासाचे एक उपेक्षित अंग

मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास बहुधा शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम बैल आणि घोडा, नंतर वाफ, त्यानंतर वीज आणि शेवटी खनिज तेल, असा त्याचा क्रम लावला जातो. आणि प्रत्येक टप्प्यावर ओढणारे बळ किती वाढले हे अश्वशक्तीच्या आकड्यांनी दाखविले जाते. हा क्रम खोटा नाही. पण तो अपुरा आहे. ओझे ओढणाऱ्या कोणत्याही साधनाची खरी मर्यादा त्याच्या बळात क्वचितच असते. बळ वापरताना जी उष्णता उत्पन्न होते ती किती लवकर आणि कोठे टाकून देता येते, यावर ती मर्यादा अवलंबून असते. अश्वशक्तीची नोंद कंपन्यांच्या वहीखात्यांत झाली, कारण ती विकत घ्यावी लागे. उष्णता हा केवळ तोटा असल्याने तिची नोंद वेगळ्या सदराखाली, म्हणजे मेलेल्या घोड्यांत, झिजलेल्या ब्रेकांत आणि अपघातांच्या चौकशीत, शोधावी लागते. गिरगाव-परळच्या सपाट रस्त्यापासून खंडाळ्याच्या चढापर्यंत हा धागा लावून पाहिला असता वाहतुकीतील सुधारणांचा अर्थ काहीसा निराळा दिसू लागतो. हा अर्थ स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१

मुंबईतील पहिली ट्रामगाडी ९ मे १८७४ रोजी धावली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे तिचे दोन मार्ग होते. त्यांपैकी दुसरा काळबादेवीवरून जात असे. गाड्या घोडे ओढीत. कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडे होते असे सांगितले जाते. या संख्येने वाचकास नवल वाटते, कारण एका गाडीस एका वेळी एक किंवा दोनच घोडे लागत. मग उरलेले घोडे कशासाठी होते?

याचे उत्तर प्राण्याच्या शरीरधर्मात आहे. स्नायू जे अन्न जाळतो त्यातील साधारणपणे एकचतुर्थांश, किंवा त्याहून कमी, भाग कामात उतरतो. उरलेल्याची उष्णता होते. घोडा ही उष्णता मुख्यतः घामावाटे टाकतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करीत नाही. त्यामुळे घोड्याचे स्नायू थकण्यापूर्वीच त्याचे शरीर तापते. जगातील बहुतेक घोडा-ट्राम कंपन्यांना प्रत्येक गाडीमागे आठ-दहा जनावरे बाळगावी लागत, कारण एक घोडा दिवसातून थोडेच तास जुंपता येई. मुंबईच्या चैत्र-वैशाखात तर ही अडचण अधिकच तीव्र होत असली पाहिजे. येथील ट्रामच्या घोड्यांच्या डोक्यावर उन्हापासून बचावाच्या टोप्या घातल्या जात, हा तपशील आज गमतीचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ती टोपी म्हणजे वाहक यंत्राचे तापमान आटोक्यात ठेवण्याचा या शहरातील एक आरंभीचा उपाय होय. राखीव घोड्यांची मोठी संख्या हा दुसरा उपाय होता. एक घोडा थंड होईतो दुसरा जुंपावयाचा, म्हणजे शीतकरणासाठी लागणारा वेळ जनावरांच्या संख्येने विकत घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता.

१९०५ मध्ये घोडा-ट्राम बंद झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, दादर या गिरणगावाच्या वस्तीत तीच कामगारांची नित्याची गाडी ठरली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर-दादर मार्गावरील शेवटच्या गाडीबरोबर ती इतिहासजमा झाली. विजेच्या मोटारीस घाम नसतो, पण ताप असतो. थांबलेली गाडी हलविताना मोटारीत एकदम प्रचंड प्रवाह जाऊ नये म्हणून मध्ये रोधक घालावे लागत. केवळ रोधकांवर भिस्त ठेवली तर गाडी वेग घेईपर्यंत वापरलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी वीज त्या लोखंडी जाळ्यांत उष्णता होऊन जाई. दोन मोटारी प्रथम एकामागे एक आणि नंतर समांतर जोडण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली, ती हा तोटा कमी करण्यासाठीच. येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. घोडा-ट्राममध्ये उष्णता सोसणारा आणि ओझे ओढणारा जीव एकच होता. विजेच्या ट्राममध्ये तिची जागा निराळी झाली : ती गाडीखालच्या निर्जीव जाळीत गेली आणि वाऱ्याने विरून जाऊ लागली. विजेच्या ट्रामचा मोठा लाभ तिच्या वेगापेक्षा या स्थलांतरात होता.

२

सपाट शहरात ही उष्णता उपद्रव देते. घाटात ती प्राण घेते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे हा वरचा भाग सुरू झाला. मधला घाट उतारूंना पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने ओलांडावा लागे. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या योजनेप्रमाणे बांधलेला भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. पावणेसोळा मैलांच्या या चढणीत २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते, आणि गाडीला १,८३१ फूट वर चढावे लागे. सरासरी चढ सेहेचाळिसांत एक, तर सर्वांत तीव्र चढ सदतिसांत एक होता. मध्यावर गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक ठेवलेले होते.

हे आकडे सामान्यतः चढण्याच्या अवघडपणाचे म्हणून दिले जातात. पण चढताना जे काम करावे लागते, तेच उतरताना परत मिळते, आणि ते कोठेतरी खर्च करावेच लागते. तीनशे टन वजनाची गाडी १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर, खाली उतरते तेव्हा सुमारे ४५० युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. ती सर्व ब्रेकांनी शोषावयाची म्हटली तर साध्या तापमानाच्या साडेसहाशे लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल एवढी उष्णता ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांच्या कडांत उत्पन्न होते. गाडी जसजशी भारी, तसतशी ही रक्कम त्याच प्रमाणात वाढते. मात्र उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढतोच असे नाही.

आरंभीच्या काळात हे काम हाताने आवळण्याच्या ब्रेकांवर होते. गार्ड आणि ब्रेकवाले यांनी इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर चाके आवळावयाची, आणि गाडी सावकाश राहील इतपतच ती सोडावयाची. घाटासाठी मुद्दाम आणलेल्या टाकीवाल्या इंजिनांना चाकांवरील ब्रेकांखेरीज थेट रुळावर दाबून घासणारा ब्रेकही बसविलेला होता. म्हणजे चाकांना जी उष्णता सोसत नाही तिचा काही भाग रुळाला देण्याची ती योजना होती. ठोकळा फार तापला की त्याची पकड कमी होते. पकड कमी झाली की वेग वाढतो. आणि वेग वाढला की उष्णता अधिकच होते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की माणसाच्या हाताचे बळ त्यापुढे चालत नाही. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी मेल गाडी आवरली गेली नाही. ती उलट-स्थानकाच्या टोकापलीकडे गेली आणि तीत प्राणहानी झाली. उतारावर ठराविक ठिकाणी गाडी पूर्ण थांबविल्याखेरीज पुढचा मार्ग न देणे, आणि न आवरलेली गाडी चढावरच्या आडमार्गात घालून थांबविणे, ही घाटातील शिस्त अशा अनुभवांची फलश्रुती आहे.

या कथेचा परळशीही संबंध आहे. भायखळ्याहून हलवून १८७९ मध्ये परळ येथे उभारलेल्या कारखान्यात या रेल्वेची इंजिने दुरुस्त होत. त्या काळच्या रेल्वे कारखान्यांत चाकावर पोलादी धाव चढविण्याची रीत अशी होती : धाव तापवून प्रसरण पावू द्यावयाची, चाकावर बसवावयाची, आणि थंड होऊन तिने चाकास घट्ट आवळावे अशी व्यवस्था करावयाची. घाटात ब्रेक दीर्घकाळ लावला म्हणजे तीच धाव पुन्हा तापे आणि चाकावर सैल पडण्याचा धोका उत्पन्न होई. ज्या उष्णतेच्या आधारे कारखान्यात चाक पक्के झाले, तीच उष्णता घाटात ते खिळखिळे करू शके. कारखान्यातील कामगार आणि घाटातील ब्रेकवाला एकमेकांना पाहत नसले तरी एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते.

३

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. १९२९ मध्ये विजेचा मार्ग पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पोचला. त्याच १९२९ साली भोर घाटातील उलट-स्थानक नव्या आखणीमुळे अनावश्यक झाले. घाटातील मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात घडविलेल्या नमुन्याची विजेची इंजिने आणली गेली. लांब नाकाडे, मध्ये वाकणारा देह आणि बाहेर हलणारे दांडे यांमुळे रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. त्यांतील एक इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात जतन केलेले असून ते आजही पाहावयास मिळते.

या इंजिनाची शक्ती सुमारे २,६०० अश्वशक्ती होती असे नमूद केले जाते. पण विजेच्या इंजिनाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. मोटारीतून याहून पुष्कळ अधिक शक्ती थोडा वेळ घेता येते. ‘एक तासाची शक्ती’ म्हणजे जी तासभर घेतली असता वेटोळ्यांवरील आवरण जळण्याच्या मर्यादेपर्यंत तापत नाही अशी शक्ती. ‘अखंड शक्ती’ म्हणजे जी कितीही वेळ घेतली तरी तापमान त्या मर्यादेत राहते अशी शक्ती. दुसरी पहिलीहून कमी असते. याचा अर्थ, ज्याला आपण बळाचा आकडा म्हणतो तो प्रत्यक्षात तापमानाचा आकडा आहे. कर्जतहून निघालेली मालगाडी लोणावळ्यास किती वेळात पोचते हे तिच्या इंजिनाच्या जोरावर ठरते. पण त्या इंजिनास पुन्हा केव्हा जुंपावे, हे मोटारीच्या गरमपणावर ठरते. ट्रामच्या तबेल्यातील राखीव घोड्याचा न्याय येथे नव्या भाषेत कायम राहिला.

तथापि ‘खेकड्या’चा विशेष चढण्यात नव्हता, उतरण्यात होता. उतारावर त्याच्या मोटारी जनित्रासारख्या चालवून वीज वरच्या तारेत परत देण्याची सोय त्यात होती. उतरणाऱ्या गाडीची जी ऊर्जा पूर्वी ब्रेकच्या ठोकळ्यांत जळत असे, ती आता त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस उपयोगी पडू लागली. मात्र ही वीज घेणारी गाडी तारेवर असावी लागे. म्हणून या सुधारणेचे यश केवळ यंत्रावर अवलंबून नव्हते, ते वेळापत्रकावरही होते. उष्णतेचे व्यवस्थापन म्हणजे ती टाकून देणे, अशी तोवरची समजूत होती. ती मुळात उत्पन्नच होऊ न देणे हा विचार या घाटात अशा रीतीने रुजला.

४

रस्त्यावरील वाहनांचा इतिहास याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने येतो. भोर घाटातील गाडीरस्ता गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला, पण त्यावर मोटारींचा मोठा भार पडला तो विसाव्या शतकात. १९४७ मध्ये माझगाव येथे महिंद्र कंपनीने सुट्या भागांतून जीपगाड्या जोडण्यास सुरुवात केली. ओढणारा पुढचा भाग निराळा आणि उतारूंचा दुमजली डबा त्यामागे जोडलेला, अशा जोडबसगाड्या बेस्टने १९६७ मध्ये शहरात आणल्या. अशा वाहनात इंजिन आणि चाके यांच्यामधील जोडणी, म्हणजे शक्तिप्रेषणाची यंत्रणा, हे उष्णतेचे नवे ठिकाण बनते. क्लच घसरत असताना जेवढी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही, तेवढी सर्व त्याच्या तबकड्या तापविते. मागे जितके ओझे जोडावे आणि जितक्या वेळा थांबून पुन्हा निघावे, तितका हा ताप अधिक. परळ-लालबागच्या गर्दीत थांबत जाणाऱ्या गाडीला प्रत्येक थांब्यावर एक लहानसा घाटच चढावा लागतो, असे म्हणावयास हरकत नाही.

घासणाऱ्या तबकडीऐवजी तेलाच्या प्रवाहातून शक्ती पाठविण्याची कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी मांडली. तिच्यातून टॉर्क कन्व्हर्टर जन्मास आला. एक पाते तेल फेकते, ते तेल दुसऱ्या पात्यास फिरविते, आणि मधले स्थिर पाते प्रवाह वळवून पीळ वाढविते. धातूची झीज थांबली. पण दोन पात्यांच्या वेगात फरक असेपर्यंत तेल घुसळले जाते आणि तापते. १९४८ मध्ये ब्यूइक मोटारींत आलेल्या यंत्रणेत सर्व शक्ती सदैव तेलातूनच जाई. तिचा सुखकरपणा आणि तिची उधळपट्टी दोन्ही प्रसिद्ध झाली. १९४९ मध्ये पॅकार्डने वेग घेतल्यावर दोन्ही बाजू घट्ट जोडणारी कळ बसविली, आणि तेलातील घसरण त्या वेळेपुरती थांबली. याच जातीची कल्पना भारतात मनमोहन सुरी या अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी विकसित केली : आरंभी द्रवमार्गे शक्ती द्यावयाची, आणि वेग घेतल्यावर यांत्रिक जोडणीने. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ती ओळखली जाते. चित्तरंजन येथे बांधलेल्या शंटिंगच्या डिझेल इंजिनांत ती वापरली गेली. घाटातील ‘खेकडा’ आणि ही यंत्रणा यांचे तत्त्व एकच आहे : उष्णता निवविण्यापेक्षा ती टाळणे श्रेयस्कर.

आज स्वयंचलित गिअरची मालवाहू पिकअप गाडी मागे ट्रेलर घेऊन घाट चढते, तेव्हा हा सर्व इतिहास तिच्या गिअरपेटीत एकवटलेला असतो. गाडी आणि ट्रेलर मिळून तीन टन धरले आणि लोहमार्गाएवढीच उंची वीस मिनिटांत चढावयाची म्हटली, तर केवळ वर उचलण्यासाठी सरासरी पावणेचौदा किलोवॉट शक्ती लागते. कन्व्हर्टर न जोडता, शेकडा ऐंशी कार्यक्षमतेने चालला, तर सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता अखंडपणे तेलात जाते. ती बाहेर काढलीच नाही, तर ढोबळ हिशेबाने तेल आणि भोवतीचा धातू मिळून तापमान सत्तर-ऐंशी अंशांनी वाढेल. हे तेल साधारणपणे ऐंशी ते पंचाण्णव अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगले काम करते. एकशेवीसच्या पुढे ते झपाट्याने काळवंडते. दर दहा अंशांच्या वाढीबरोबर तेल बिघडण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर धरणे, जोडणीची कळ सुटू न देणे, तेलासाठी वेगळे शीतक बसविणे, तापमापकाकडे लक्ष ठेवणे आणि ओझे ओढणाऱ्या गाडीचे तेल लवकर बदलणे, हे उपाय सांगितले जातात. त्यांत नवे असे थोडेच आहे. खालचा गिअर ही ‘खेकड्या’ची युक्ती, शीतक ही ट्रामखालची जाळी, आणि वाटेत घेतलेली विश्रांती ही तबेल्यातील घोड्याची पाळी होय.

५

येथवरच्या विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. ओझे ओढण्याच्या साधनांत झालेली प्रत्येक खरी सुधारणा म्हणजे उष्णतेचे स्थलांतर होय : जिवंत देहाकडून धातूकडे, धातूकडून वाऱ्याकडे, आणि शेवटी उष्णतेऐवजी पुन्हा वापरता येणाऱ्या शक्तीकडे. जेथे हे स्थलांतर अपुरे राहिले, तेथे उरलेली उष्णता कोणातरी माणसाच्या किंवा जनावराच्या वाट्यास आली. ट्रामचा घोडा, घाटातील ब्रेकवाला आणि मेल गाडीतील उतारू हे या हिशेबाचे ऋणको ठरले, पण त्यांची सही कोणत्याही करारावर नव्हती.

हा हिशेब अद्याप मिटलेला नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घालू नये, अशा सूचना मुंबई-पुणे मार्गावरील चालकांस वारंवार दिल्या जातात. तरीही चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणारे ट्रक असतातच. गिअर काढला की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सर्व उष्णता पुन्हा ब्रेकांवर येते. १८६९ मधील दुष्टचक्र जसेच्या तसे सुरू होते. याचा दोष केवळ चालकाच्या बेफिकिरीस देणे सोपे आहे. परंतु डिझेलच्या खर्चाचा ताण त्याच्यापर्यंत पोचतो आणि ब्रेकच्या तापमानाची जाणीव मात्र पोचत नाही, ही व्यवस्थेची घडण आहे, आणि ती जुनी आहे. कंपनीच्या वहीत चाऱ्याचा खर्च लिहिला जाई. घोड्याच्या अंगातला ताप लिहिला जात नसे. वाहतुकीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने मैल, टन आणि अश्वशक्ती यांच्या जोडीने हा न लिहिलेला स्तंभही भरून पाहिला पाहिजे. त्याशिवाय कोणते साधन खरोखर पुढचे होते आणि कोणते केवळ अधिक बलवान होते, याचा निर्णय करता येणार नाही.